हौशी नृत्यसंघ घेऊन स्पर्धेत उतरताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यांना समूहनृत्याच्या स्पर्धेत भाग घ्यायचा असेल, तर संधींची वाण नाही. मंगळागौरीचा श्रावण, गणेशोत्सव, नवरात्र, महिला दिन, गृहसंकुलांचे वार्षिक समारंभ अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने कुठेतरी स्पर्धा जाहीर होत असते, आणि तिच्यात उतरणारे बहुतेक संघ आमच्यासारखेच असतात. कोणी बँकेत नोकरीला आहे, कोणी शाळेत शिकवते, कोणी घर सांभाळते आणि नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेली दहांत एखादीच. आम्ही दहा जणी गेली सहा वर्षे घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात सराव करतो आणि लोकनृत्याच्या स्पर्धांत भाग घेतो. या सहा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. हौशी संघाच्या वाट्याला येणारा सर्वांत मोठा आनंद सरावाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, दहा जणींची पावले कोणी न मोजता एकाच मात्रेवर पडू लागतात तेव्हा मिळतो, आणि स्पर्धेची तारीख समोर असल्याशिवाय तो क्षण सहसा येत नाही. पुढे सांगितलेली सगळी तयारी त्या क्षणापर्यंत संघ अभंग पोहोचावा यासाठी आहे.

संघ बांधताना

संघात घेताना कोण किती चांगले नाचते यापेक्षा कोण किती नियमाने येऊ शकते हे आधी विचारावे. आम्ही पहिल्याच बैठकीत पुढच्या आठ रविवारांच्या तारखा कागदावर लिहितो आणि प्रत्येकीने आपापल्या अडचणीच्या तारखांवर खूण करायची असते. बँकेतल्या मैत्रिणीला मार्चअखेर सुचत नाही, दहावीतल्या मुलाच्या आईला फेब्रुवारी जड जातो, हे आधी कळले की स्पर्धाच त्या हिशेबाने निवडता येते. आठपैकी तीन रविवार जिला जमणार नाहीत, तिला त्या वेळेपुरते राखीव ठेवावे किंवा संगीत आणि वेशभूषेची जबाबदारी द्यावी. तिला वगळू मात्र नये, कारण पुढच्या स्पर्धेला तीच सर्वांत मोकळी असण्याचा संभव असतो.

संख्या सम असावी. आमच्यात आठ जणी नाचतात, एक गोफासाठी, म्हणजे खांबाला बांधलेल्या रंगीत पट्ट्या नाचत विणण्याच्या प्रकारासाठी, मध्यभागी खांब धरते आणि एक राखीव असते. राखीव मैत्रिणीने कमीत कमी दोन जागा पूर्ण शिकलेल्या हव्यात आणि प्रत्येक सरावात एकदा तरी तिने त्या जागांवर नाचायला हवे. नुसते बाजूला बसून पाहिलेला नाच ऐन वेळी पायात उतरत नाही.

ज्यांचा ताल पक्का आहे त्यांना पुढच्या रांगेत ओळीने उभे करण्याचा मोह प्रत्येक नव्या संघाला होतो. तो आवरावा. रचना फिरते, मागची रांग पुढे येते, आणि त्या वेळी ज्यांना दुसऱ्याकडे पाहून पाऊल टाकण्याची सवय झाली आहे त्यांच्यासमोर नुसते प्रेक्षागृह असते. त्यापेक्षा पक्क्या आणि कच्च्या जागा एकाआड एक ठेवाव्यात, म्हणजे रचना कशीही फिरली तरी प्रत्येक कच्च्या नर्तिकेच्या नजरेच्या टप्प्यात एक भरवशाचे पाऊल राहते. नाच बसवण्याचा अंतिम शब्द एका स्पर्धेपुरता एकीचाच असावा आणि पुढच्या स्पर्धेला तो मान दुसरीकडे जावा. आमच्यातले बहुतेक रुसवे या एका नियमाने मिटले.

नियमपत्रक दोनदा वाचावे. वेळेची मर्यादा गाण्याच्या पहिल्या सुरापासून मोजणार की मंचावर पाऊल ठेवल्यापासून, खांब धरणारी व्यक्ती संघाच्या संख्येत धरणार की नाही, ध्वनिमुद्रित गाणे चालेल का, मंचावर कोणते साहित्य आणता येईल, या चार प्रश्नांची उत्तरे आयोजकांकडून लेखी संदेशाने मागवून घ्यावीत. गाणे दिलेल्या मर्यादेपेक्षा पंधरा-वीस सेकंद कमीच ठेवावे.

गाणे आणि मात्रा

गाणे निवडल्यावर ते ऐकत बसण्याआधी त्याच्या मात्रा मोजाव्यात. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीचे पाच मिनिटांचे गाणे म्हणजे ६०० मात्रा, म्हणजे आठ-आठ मात्रांचे ७५ गट. आम्ही वहीत ७५ ओळी आखतो आणि प्रत्येक ओळीत त्या आठ मात्रांत कोण कुठून कुठे जाते एवढेच लिहितो. पाच मिनिटांचा नाच वाटतो तेवढा छोटा नसतो, हे ती वही पाहिल्यावर समजते, आणि कुठल्या ओळी रिकाम्या आहेत तेही उघड होते. पुढे सरावात चूक झाली की ‘बत्तीसपासून घेऊ’ असे म्हणता येते. ‘ते मघाचे, हात वर जातात तिथून’ असे सांगण्यात जाणारा वेळ वाचतो.

कोळीगीत घेतले तर हा हिशेब बदलतो, कारण बहुतेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, झुलता असतो आणि पहिल्या व चौथ्या मात्रेवर वजन पडते. तिथे आठाने मोजायला गेल्यास दुसऱ्याच ओळीत पाय अडकतो. कोळीगीतावरून लेझमीवर जायचे असेल तर मधल्या जागी नुसत्या ढोलकीचा किंवा हलगीचा लहानसा तुकडा ठेवावा, म्हणजे अंगातला सहाचा झोका थांबून आठाची चाल सुरू व्हायला उसंत मिळते. गाण्यांचे तुकडे जोडताना जोड समेवरच, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवरच, आला पाहिजे. मध्येच कुठेतरी कापलेले गाणे प्रेक्षकांना कदाचित जाणवत नाही, नाचणाऱ्यांच्या पायांना मात्र ते हमखास जाणवते.

आपण ज्यांचे नृत्य मंचावर नेतो त्यांच्याकडे एकदा तरी जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा आहे, बेलापूरजवळ दिवाळे गाव आहे. खाडीकाठचे हे लोक आपले शेजारी आहेत, आणि त्यांचे रोजचे काम आपण नाचात दाखवतो. हौशी संघांत जाळे फेकण्याची क्रिया बहुधा नुसती मनगटाने, बोटे उघडून केली जाते. प्रत्यक्षात पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, हातावर आणि खांद्यावर घेऊन कंबरेच्या वळणातून फेकतात, आणि ते हातातून सुटल्यावर शरीर क्षणभर त्याच्यामागे झुकते. ते झुकणे आम्ही नाचात आणले तेव्हा आठही जणींचे खांदे आपोआप एका रेषेत आले, कारण सर्वांना एकच वजन कल्पनेत पेलायचे होते. नाचातली एकसूत्रता अशी कामातून येते. आरशासमोर हातांची उंची मोजत बसून ती साधत नाही.

सराव

जागेचा प्रश्न ठाण्यात सगळ्यांनाच असतो. संकुलाचे सभागृह मिळाले तर उत्तमच, नाहीतर वाहनतळावरची मोकळी जागा रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत मागून घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावण्यास ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार मनाई आहे, आणि सकाळी सातलाही वरच्या मजल्यावर कोणीतरी झोपलेले असतेच, म्हणून पहिला अर्धा तास गाण्याविना, टाळ्या आणि मोजणी यांवरच सराव करावा. शेजाऱ्यांना त्रास होत नाही आणि संघाचाही त्यात फायदाच होतो, कारण गाण्याच्या आवाजात लपणारी घाई टाळ्यांवर लगेच उघडी पडते.

काँक्रीट किंवा गुळगुळीत फरशीवर उड्या मारू नयेत. मंच बहुधा लाकडी असतो, त्याला थोडी लवचीकता असते, फरशीला ती नसते आणि त्याची किंमत गुडघे व पोटऱ्या मोजतात. सरावात उडीच्या जागी टाच उचलून नुसते वजन बदलावे आणि खऱ्या उड्या शेवटच्या दोन-तीन सरावांसाठी, सतरंजी किंवा जाड चटई अंथरून राखून ठेवाव्यात. सुरुवातीची पंधरा मिनिटे घोटे, गुडघे, कंबर आणि मान मोकळी करण्यासाठी द्यावीत. चाळिशीपुढच्या मैत्रिणींनी तर यात मुळीच काटकसर करू नये.

नाच शेवटाकडून बसवावा. पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली की पहिले कडवे पन्नास वेळा घोटले जाते आणि शेवटचे जेमतेम पाच वेळा, आणि मंचावर शेवटच्या मिनिटाला दमछाक झालेली असताना नेमका तोच कच्चा भाग समोर येतो. आम्ही शेवटचे एक मिनिट आधी पक्के करतो, मग त्याच्या आधीचे. असे केल्यामुळे नाच जसजसा पुढे सरकतो तसतशा आपण अधिक ओळखीच्या जागेत येत जातो आणि चेहऱ्यावरचे हसू शेवटपर्यंत टिकते.

प्रत्येक सरावाचे चित्रीकरण करावे, पण मोबाइल परीक्षकांच्या नजरेच्या उंचीवर, समोर मध्यभागी, स्थिर ठेवून. ते पाहताना प्रत्येकीने पहिल्यांदा स्वतःकडे पाहू नये, शेजारणीकडे पाहावे. ज्या नाट्यगृहात स्पर्धा होणार असेल तिथले एखादे नाटक आधी पाहून येणेही उपयोगी पडते. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन, घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, कुठेही गेले तरी मध्यंतरात पुढच्या रांगेत एकदा आणि अगदी मागे एकदा उभे राहून मंच पाहावा. पुढून मागच्या रांगेची पावले जवळजवळ दिसत नाहीत आणि उंचावरून वर्तुळे, तिरक्या रेषा स्पष्ट दिसतात. परीक्षक कुठे बसणार हे कळले की कोणत्या रचनेवर मेहनत घ्यायची ते ठरवता येते.

गोफ

आमच्या नाचाचा मध्य म्हणजे गोफ, आणि हौशी संघाने एकदा तरी तो करून पाहावा असा माझा आग्रह आहे, कारण त्यात एकटीने चांगले नाचून काहीच साधत नाही. खांबाच्या टोकाला एक कडे, कड्याला आठ पट्ट्या. पट्टी सुती असावी, कारण नायलॉनची पट्टी सरकते, वीण धरत नाही आणि तळहात कापते. आमचे कडे मंचापासून नऊ फुटांवर येते आणि पट्टी बारा फुटांची असते. तिची तीन-चार फूट लांबी हाताला गुंडाळून ठेवायची आणि वीण खाली उतरू लागली की हळूहळू सोडायची, नाहीतर वर्तुळ आवळत जाते आणि खांद्याला खांदा लागतो.

आठ जणी वर्तुळात जोडी-जोडीने समोरासमोर उभ्या राहतात. भगवी पट्टी धरलेल्या चौघी घड्याळाच्या दिशेने निघतात, हिरवी धरलेल्या चौघी उलट दिशेने. भगवी पहिल्या भेटीत बाहेरून जाते, हात उंच करून समोरचीच्या पट्टीवरून, आणि हिरवी त्याच वेळी वाकून आतून जाते. दुसऱ्या भेटीत भगवी आतून, हिरवी बाहेरून. प्रत्येक भेटीला चार मात्रा धरल्या तर आठ भेटींत, म्हणजे बत्तीस मात्रांत, एक फेरा पूर्ण होतो आणि दोन फेऱ्यांत सोळा भेटी होतात. खांबाभोवती भगव्या-हिरव्या तिरक्या पट्ट्यांची वीण खाली उतरत येते. ती सारखी यावी यासाठी आठही पट्ट्यांवर सारखाच ताण हवा. एकीने पट्टी सैल सोडली की त्या जागी वीण फुगते आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसते. ताण समजण्यासाठी आम्ही पहिले दोन सराव नाच बाजूला ठेवून नुसते चालत, डोळे मिटून उभे राहून आणि एकमेकींच्या पट्टीची ओढ हातात ओळखत काढले.

अवघड भाग उलगडण्याचा आहे. सोळावी भेट झाली की सर्वांनी जागच्या जागी मागे वळायचे आणि आलेल्या वाटेने परतायचे. सोळाव्या भेटीत जी आतून गेली, ती उलगडताना पहिल्यांदा पुन्हा आतूनच जाते. शरीराला मात्र नव्या सुरुवातीची सवय असते, आणि भगवी पट्टी धरलेलीचा हात आपसूक उंच होऊ पाहतो. एकीने जरी बाहेरून सुरुवात केली तरी गाठ बसते आणि मग कितीही नाचले तरी वीण सुटत नाही. म्हणून वळताना हिरव्या पट्टीवाल्या चौघी ‘वर’ आणि भगव्या पट्टीवाल्या चौघी ‘खाली’ असे ओठांतल्या ओठांत म्हणतात. प्रेक्षकांना ते गाण्याचे बोल वाटतात.

वेशभूषा आणि वर्गणी

नऊवारी शिवलेली घ्यावी की नेसावी हा वाद फार रंगतो. गोफात सारखे वाकायचे असल्यामुळे शिवलेली सोयीची, असे माझे मत आहे. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणायची असेल तर आठवडाभर आधी जाऊन प्रत्येकीने घालून पाहावी आणि परत करण्याची तारीख व अनामत रक्कम वहीत लिहून ठेवावी. रंगीत तालीम किमान दोनदा, गजरा, नथ आणि बांगड्यांसह करावी, कारण पट्टी बांगडीत अडकते हे तेव्हाच कळते. प्रवेशमूल्य, भाडे, प्रवास आणि नाश्ता यांची वर्गणी सर्वांची सारखी असावी आणि हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवावा.

स्पर्धेचा दिवस

गाणे दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर आणि शिवाय एका मोबाइलवर असावे आणि तो मोबाइल कोणाचा फोन येणार नाही अशा स्थितीत ठेवावा. नाचण्याच्या दोन तास आधी पोहे किंवा उपमा, मग फक्त केळे, चिक्की आणि घोट घोट पाणी. क्रम चिठ्ठीने ठरतो, त्यामुळे पहिली येण्याची आणि रात्री दहाच्या सुमारास शेवटची येण्याची, अशी दोन्ही तयारी मनात असावी. वाट पाहताना रंगपटात बसून अंग थंड पडते, म्हणून आपल्या आधीचे दोन संघ राहिले की उठून घोटे आणि खांदे पुन्हा मोकळे करावेत. विंगेत उभ्या असताना आम्ही हातात हात घेऊन गाण्याच्या पहिल्या आठ मात्रा एकमेकींच्या तळहातावर दाबून मोजतो. त्या वेळी दहा तळहातांचा घाम एकच झालेला असतो, आणि मला तो स्पर्श बक्षिसाच्या चषकाहून जास्त आठवतो.

मंचावर चूक झाली तर झालेल्या मात्रा भरून काढायला जाऊ नये. पुढच्या आठच्या पहिल्या मात्रेवर संघाला येऊन मिळावे. इतर संघांचा नाच प्रेक्षागृहात बसून पाहावा आणि त्यांना मनापासून टाळ्या द्याव्यात. आमच्या वहीतल्या चांगल्या कल्पनांपैकी निम्म्या तिथेच सुचल्या आहेत. निकालानंतर परीक्षक थांबले असतील तर नम्रपणे एकच प्रश्न विचारावा: नाच नेमका कुठे सैल पडला? त्यांचे उत्तर त्याच रात्री लिहून ठेवावे.

आमच्या पहिल्या वर्षी वाशीतील एका स्पर्धेत गोफ सुंदर विणला गेला आणि उलगडताना गाठ बसली. पट्ट्या सुटेनात. तीन भेटींनंतर खांब धरणाऱ्या मैत्रिणीने प्रसंग ओळखून खांब खाली घेतला, आम्ही पट्ट्या त्याच्याभोवती गोळा केल्या आणि उरलेल्या मात्रा फुगड्या घालून पूर्ण केल्या. आम्हाला क्रमांक मिळाला नाही. परतताना वाशीहून ठाण्याची लोकल पकडली, रविवारची रात्र असल्याने महिलांच्या डब्यात गर्दी कमी होती. तुर्भे गेल्यावर एकीने पिशवीतून ते कडे काढले, वरच्या कडीला बांधले, आणि आम्ही आपापली पट्टी धरून दोन्ही बाकांच्या मध्ये उभ्या राहून वीण सोडवू लागलो. कोपरखैरण्याला चढलेल्या एका काकूंनी भाजीची पिशवी पायाशी ठेवून काही न विचारता दोन पट्ट्यांची टोके हातात घेतली. घणसोली गेले, रबाळे गेले, आणि ऐरोली यायच्या आत गाठ सापडली. माझी भगवी पट्टी शेजारणीच्या हिरवीवरून गेली होती, जिथे ती खालून जायला हवी होती. मी वळताना सवयीने हात उंच केला होता. ती जागा सर्वांनी वाकून पाहिली, मी पट्टी खालून काढली आणि पुढची सगळी वीण नुसत्या ओढीने सरसर सुटत गेली. डब्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठाणे आले तेव्हा आठही पट्ट्या मोकळ्या लोंबत होत्या आणि त्या गुंडाळायचे भान कोणालाच नव्हते, कारण पुढच्या स्पर्धेला हिरव्या रंगाऐवजी पिवळा घ्यावा का, यावर सगळ्या एकदम बोलत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता दोघी जणी आदल्या रात्री खुर्चीला कडे बांधून हाताने विणलेला गोफ घेऊन आल्या, तो खांबावर चढवला, आणि त्या वर्षीचा सराव आम्ही उलगडण्यापासून सुरू केला.